वीस मिनिटांत इस्लाम

ताई, नमस्कार.

मी हडपसर भागातल्या एका सोसायटीत राहते, माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. माहेर फलटण तालुक्यातलं, वडील गावचे मुलाणी. आमच्या सोसायटीत मुसलमान कुटुंबं चार, त्यातलं एक बोहरी. यंदा गणपतीत अध्यक्षांनी ‘सर्वधर्म संवाद’ असा कार्यक्रम ठेवलाय आणि मी त्यात ‘इस्लामची शिकवण’ या विषयावर वीस मिनिटं बोलावं असा त्यांचा आग्रह आहे. ‘तुमचं मराठी इतकं छान आहे, तुम्ही बोललात की लोकांचे गैरसमज जातील,’ असं म्हणाले. माणूस वाईट नाही. लॉकडाउनमध्ये सासूबाईंची औषधं त्यांनीच आणून दिली होती.

सासूबाई नको म्हणतात. ‘तू धर्मशास्त्र शिकलेली आलिमा आहेस का? एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर जबाबदार कोण? आणि मूर्तीसमोर उभं राहून दीनबद्दल, धर्माबद्दल बोलायचं?’ नवरा म्हणतो, तुझं तू ठरव. मुलगा बारावीत आहे, तो जे बोलला ते फार लागलं: ‘अम्मी, मामू को घर देते वक्त नै बुलाए, अब भाषन को बुलारे.’ गेल्या वर्षी माझ्या भावाला आमच्याच सोसायटीत भाड्याने फ्लॅट हवा होता. एजंटाशी सगळं ठरलं होतं. टोकन द्यायच्या दिवशी कळलं, ‘शाकाहारी फॅमिलीच हवी आहे.’ त्या फ्लॅटमधून आता रविवारी मटणाचा वास येतो.

नाही म्हटलं तर ‘हे लोक मिसळतच नाहीत’ असं होणार. हो म्हटलं तर मुलाच्या नजरेला नजर कशी देऊ? आणि प्रश्नोत्तरांत काय काय विचारतील याची धास्ती वेगळीच.

– एक शिक्षिका

*

जा. पण अध्यक्षांनी दिलेला विषय घेऊन जाऊ नका, आणि भावाच्या फ्लॅटबद्दल त्यांच्याशी समोरासमोर बोलणं झाल्याशिवाय तर त्या स्टेजवर पाऊलसुद्धा ठेवू नका. तुमच्या घरातले सगळेच आपापल्या जागी बरोबर आहेत, बारावीतला जरा जास्तच.

आधी विषयाचं बघू. सासूबाईंनी ‘तू आलिमा आहेस का’ असं विचारलं, त्यात मला टोमणा दिसत नाही. कुराण, हदीस (पैगंबरांची वचनं), फिकह (धर्मशास्त्र) यांच्यात लोकांची आयुष्यं जातात. त्यावर एका मराठीच्या शिक्षिकेने आरती आणि लकी ड्रॉच्या मधल्या वेळात बोलावं, ही अपेक्षाच विचित्र आहे. समजा, अध्यक्ष तुमच्याकडे इफ्तारला आलेत आणि तुम्ही म्हणालात, ‘काका, जरा वीस मिनिटं हिंदू धर्माची शिकवण सांगा.’ ते हातातला खजूर खाली ठेवतील आणि म्हणतील, ‘अहो, मी बँकेत होतो.’ आणि ते खरंच असेल. धर्माचा प्रवक्ता व्हायची वेळ त्यांच्यावर कधी येतच नाही, तुमच्यावर मात्र पाहुण्यांनी भरलेल्या हॉलमध्येही येते. त्यांच्या हे लक्षात आलं नसेल. तुम्ही लक्षात आणून दिलंत तर मला वाटतं ते समजून घेतील, कारण औषधं आणून देणारा माणूस ऐकून घेणारा असण्याची शक्यता बरी असते.

शिवाय प्रतिनिधित्व करायचं ते कुणाचं? तुमच्याच इमारतीत बघा. बोहऱ्यांचं कॅलेंडर गणिताने ठरलेलं, त्यांचा रमजान नेहमी तीस दिवसांचा. तुमच्याकडे चंद्र दिसण्याची वाट बघणार. म्हणजे एकाच जिन्यावर ईद बऱ्याचदा दोन वेगवेगळ्या दिवशी येते, आणि बाकीच्या सोसायटीला शिरखुर्मा दोनदा मिळतो (याबद्दल कुणी तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही). पुण्यात मोमीन आहेत, बागवान, अत्तार, तांबोळी, शिकलगार, नदाफ, कुरेशी, कोकणी, मेमन, खोजे आहेत, रविवार पेठेत बोहरी आळी आहे. घरात कुणी दखनी बोलतं, कुणी गुजराती, कुणी कोकणातली मराठी. कुणी दर्ग्यावर चादर चढवतं, कुणाला तेच मुळीच मान्य नसतं. या सगळ्यांच्या वतीने बोलायला कुणी उभं राहिलं, तर पहिली हरकत मुसलमानांकडूनच येईल आणि ती रास्तच असेल.

‘तुमचं मराठी किती छान आहे’ याबद्दल दोन शब्द. तुमच्यासारख्या किती जणींनी किती वेळा हे गिळलं असेल याचा हिशेब नाही. ज्यांच्या पोरांचे निबंध तुम्ही तपासता तेच तुम्हाला हे प्रशस्तिपत्र देतात! रागावू नका, पण पुढच्या वेळी हसून सांगा, ‘छान नसतं तर शाळेने पगार थांबवला असता.’ श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीच्या शिक्षिकेला मी काय सांगणार, पण अध्यक्षांना जरूर सांगा. सतराव्या शतकात मुसलमान घरातला माणूस मराठीत ओव्या-अभंग लिहीत होता आणि संत म्हणून मान्यता पावला होता, हे सोसायटीतल्या निम्म्या लोकांच्या कानावरही गेलेलं नसेल.

मग बोलायचं कशावर? तुम्ही मुलाण्याची लेक आहात, हे पत्रात एका ओळीत उरकलंत. माझ्या मते तुमचं भाषण तिथे आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत जत्रेचं बकरं मुलाण्याच्या हातून कापायची रीत होती, अजूनही काही ठिकाणी आहे. त्याने बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय पंगत बसत नसे, आणि त्या पंगतीला पाटील, माळी, धनगर सगळेच असत. सुगीत त्याला धान्याचा वाटा मिळे. मोहरममध्ये पीर बसत. पिरांचे पंजे धरणाऱ्यांत गावातले सगळे असत, नवस बोललेली हिंदू आई आपल्या लेकराला चार दिवस फकीर करी. चोंगे लाटले जात, मलिदा वाटला जाई. तुमच्या गावात यातलं काय होतं, काय उरलं, काय बंद पडलं, आणि बंद पडलं ते कुणामुळे, हे फक्त तुम्हालाच सांगता येईल. तुमच्या वडिलांना गावात कोण काय हाक मारायचं, जत्रेच्या दिवशी ते किती वाजता उठायचे, सुरी कुठे ठेवायचे, तुम्ही शहरात आल्यावर त्यांना काय वाटलं, एवढं सांगा. मायक्रोफोनसमोर माणूस आपल्या वडिलांबद्दल बोलतो तेव्हा त्याला आलिम असावं लागत नाही.

इथे एक पथ्य पाळावं लागेल. पीर, पंजे, नवस हे सगळं तुमच्यातल्याच पुष्कळांना बिदअत, म्हणजे धर्मात मागाहून घुसलेलं वाटतं. कोंढव्यात तुमचे नातेवाईक असतील तर त्यांच्यापैकी कुणी तरी व्हिडिओ बघून फोन करील. तेव्हा ‘इस्लाम असा आहे’ असं न म्हणता ‘आमच्या गावात असं होतं’ म्हणा. आणि ‘याबद्दल आमच्यात मतभेद आहेत’ हेही तिथेच मोकळेपणाने सांगा. मुसलमान आपसात वाद घालतात, एकमेकांना दुरुस्त करतात, रुसतात, हे ऐकून निम्मे गैरसमज आपोआप सैल होतील, कारण बाहेरच्यांना तुम्ही सगळे एका सुरात बोलणारे वाटता.

आता फ्लॅट. मूळ दुखणं तिथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक गोष्ट आधी शोधून काढा: नकार मालकाने दिला, एजंटाने दिला की कमिटीने? तिन्हींचा अर्थ वेगळा. मालकाने स्वतःच्या मनाने दिला असेल, तर कायद्याच्या हाताला फारसं काही लागत नाही. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी, घाट यांचा उल्लेख आहे, खाजगी घराच्या भाड्याचा नाही. एजंटाचा उपद्व्याप असेल, म्हणजे ‘तुमच्या सोसायटीत चालत नाही’ असं त्याने मालकालाच भरवलं असेल, तर हे सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात सोपं प्रकरण. आणि कमिटीतल्या कुणी मालकाला ‘बघा बुवा, विचार करून द्या’ असं सुचवलं असेल, तर मात्र ते नियमाला धरून नाही. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे) फ्लॅट भाड्याने द्यायला संस्थेची परवानगी लागत नाही, आधी कळवावं लागतं, एवढंच. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची ती मालकाने. भाडेकरू काय जेवतो हे कमिटीच्या अखत्यारीत येतच नाही. आणि उद्या तुमच्या भावाने तिथे फ्लॅट विकत घ्यायचं ठरवलं, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या २३ व्या कलमानुसार पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. (अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा फक्त पारशांना सभासद करून घेण्याचा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये उचलून धरला होता, हे खरं. पण तो त्यांच्या नोंदवलेल्या उपविधींत पहिल्यापासून होता. तुमच्या सोसायटीच्या उपविधींत असलं काही असण्याचा संभव नाही. तरी एकदा मागून वाचा, सभासदाला ते मिळतात.)

‘शाकाहारी’ या शब्दावरही जरा थांबू या. खरोखर शाकाहारी असलेल्या मालकाला आपल्या स्वयंपाकघरात मांस शिजू नये असं वाटलं, तर ते मी समजू शकते, पटो न पटो. पण तुमच्या भावानंतर तिथे आलेल्यांच्या कुकरच्या शिट्ट्या काय सांगतात ते तुम्ही लिहिलंच आहे. म्हणजे आहाराचा प्रश्न नव्हताच, नाव ऐकून दार लागलं होतं. ज्या गावची जत्रेची पंगत वडिलांच्या हातावाचून बसत नव्हती, त्या मुलाण्याच्या मुलाला शहरात ‘मांसाहारी’ म्हणून परत पाठवलं गेलं. तुमच्या बारावीतल्याला हे असं मांडता आलं नसेल, पण त्याला कळलं बरोबर.

अध्यक्षांकडे जाल तेव्हा ‘आमच्यावर अन्याय झाला’ असा सूर लावू नका. ते लगेच बचावात जातील आणि मालकाच्या वतीने खुलासे करत बसतील. एक काम मागा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणजे गणपती आणि सभा एकाच सुमाराला. त्या सभेत एवढाच ठराव व्हावा: आमच्या संस्थेत सदनिका विकताना वा भाड्याने देताना धर्म, जात किंवा आहार यांवरून संस्थेची कोणतीही अट नाही. तो नोटीस बोर्डावर लागावा आणि सोसायटीत फिरणाऱ्या एजंटांना त्याची प्रत मिळावी. याला खर्च शून्य आहे आणि कुणाचा हक्क जात नाही. मालकाला आपला भाडेकरू निवडायचं स्वातंत्र्य तसंच राहतं, फक्त ‘सोसायटीत चालत नाही’ या आडोशामागे लपता येत नाही. अध्यक्ष याला तयार झाले, तर तुमच्या ‘सर्वधर्म संवादा’चं खरं काम कार्यक्रमाच्या आधीच झालं असं समजा. ‘हे नंतर बघू, आधी भाषण करा’ असं म्हणाले, तर तुमचंही भाषण नंतर.

भावाला मात्र आधी फोन करा. झालेला अपमान पुन्हा उगाळायची त्याची इच्छा नसेल, तर त्याचं नाव, फ्लॅटचा नंबर काहीच न काढता नुसता ठरावाचा विषय मांडा. त्या फ्लॅटमध्ये आज राहणाऱ्यांना तर यात ओढूच नका.

अशा कार्यक्रमांचा एक ठरलेला मसाला असतो, त्यापासूनही सांभाळा. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते आणि तिथे आरती होते. कॅम्पातल्या हजरत बाबाजान या सूफी फकीर बाईंकडे डेक्कन कॉलेजात शिकणारा मेरवान इराणी नावाचा पारशी मुलगा येऊन बसायचा, तो पुढे मेहेरबाबा झाला. खेड शिवापूरला कमरअली दरवेश यांच्या दर्ग्यात सगळ्या धर्मांचे लोक मिळून बोटांवर दगड उचलतात. सगळं खरं आहे आणि मलाही आवडतं. पण या गोष्टी ऐकून लोक टाळ्या वाजवतात, ‘आपलं पुणं कसं बघा’ म्हणतात आणि घरी जातात. त्यात आजच्या कुणालाच काही द्यावं लागत नाही.

जुनी गोष्ट सांगायचीच असेल, तर घराची सांगा. १८४९ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंना शाळा चालवल्याबद्दल वडिलांचं घर सोडावं लागलं, तेव्हा त्यांना आपल्या घरात जागा दिली ती उस्मान शेख यांनी. याच पुण्यात, गंज पेठेत. आज फुलेवाडा बघायला जातो तो भाग, मोमीनपुरा तिथून हाकेच्या अंतरावर. आजारपणात माहेरी नायगावला गेलेल्या सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचं, उस्मान शेख यांच्या बहिणीचं, नाव येतं: आपण नसल्याने तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं. जातीतल्यांनी आणि घरच्यांनी दार लावल्यावर या शहरात दार उघडलं ते एका मुसलमान घराने, हे तुमच्या सोसायटीतल्या लोकांनी ऐकावं असं मला फार वाटतं. फक्त ते केव्हा सांगायचं याला वेळ आहे. ठरावाचं बोलणं नीट झालं असेल तर स्टेजवरून खुशाल सांगा. झालं नसेल तर सांगू नका. तो टोमणा होईल, आणि टोमणा बसला की समोरचा ऐकायचं सोडून उत्तर शोधायला लागतो.

मूर्तीसमोर उभं राहण्याबद्दल. मी तुमच्या धर्माची नाही, म्हणून फतवा माझ्याकडे मागू नका. सासूबाईंचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा कुणाला तरी घरात बसूनच विचारा. व्यवहारातली वाट मात्र सोपी आहे. आरती साडेसातला असेल तर तुम्ही सव्वाआठला या, आणि तसं आधीच सांगून ठेवा. पूजा वेगळी, कार्यक्रम वेगळा. कपाळाला गंध लावायला कुणी पुढे आलं तर हात जोडून ‘असू द्या’ म्हणा. प्रसाद घ्यायचा की नाही यावर मुसलमान घराघरांत वेगवेगळी रीत आहे, तुमच्या घरात जी असेल ती पाळा. त्याचं स्पष्टीकरण कुणाला द्यायची गरज नाही. तुमच्या इफ्तारला आलेला हिंदू शेजारी मगरिबच्या नमाजेच्या वेळी शांत बसून राहतो. त्याला कुणी नमाजेच्या रांगेत उभं राहा म्हणत नाही, आणि तो उभा राहिला नाही म्हणून तो तुम्हाला परका मानतो असंही कुणी म्हणत नाही. हाच न्याय उलट बाजूनेही लागू. अध्यक्षांनी हे समजून घेतलं नाही, ‘एक आरती म्हटली तर काय बिघडतं’ असा लकडा लावला, तर ते जे करतायत त्याला संवाद म्हणता यायचं नाही.

आणि गणपतीच्या मांडवात मुसलमानाने बोलावं याला या शहरात एक जुना संदर्भही आहे, तो विसरून चालत नाही. एके काळी पुण्यातले हिंदू ताबूतांत हौसेने सामील व्हायचे, ताबुतांपुढे नाचायचे. १८९३ च्या मुंबईतल्या दंगलीनंतर त्यांनी त्यातून अंग काढून घ्यावं असा प्रचार झाला आणि १८९४ पासून सार्वजनिक गणपतीला जे रूप आलं, त्यातल्या मेळ्यांची, म्हणजे गाणाऱ्या पथकांची, काही पदं मुसलमानांना टोचणारी होती. दुसऱ्या टोकाला अगदी परवाचं उदाहरण आहे. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. तेव्हा मुंबई-पुण्यासह ठिकठिकाणी मुसलमानांनी आपला जुलूस पुढे ढकलला आणि सरकारने ईदची सुट्टी २९ तारखेला नेली. त्याच वर्षी २९ जूनला आषाढी आणि बकरी ईद एकत्र आली होती. कुर्बानी तीन दिवस करता येते, म्हणून पंढरपुरात आणि इतरही अनेक गावांत मुसलमानांनी एकादशीचा दिवस सोडून दिला. हे समजूतदारपणाचं आहेच, पण मला दर वेळी एक गोष्ट खटकते. सरकायचं कुणी, हे आधीच ठरलेलं असतं. तुमच्या कार्यक्रमात प्रश्न विचारायची पाळी तुमच्यावर आली, तर हा विचारा. सौम्यपणे, पण विचारा.

होय, प्रश्न तुम्हीही विचारायचे. एकाने उत्तरं देत राहायची आणि बाकीच्यांनी विचारत राहायचं, ही तोंडी परीक्षा झाली. तुम्ही शिक्षिका आहात, फरक तुम्हाला कळतो. अध्यक्षांना सांगा की माइकवरून जाहीर प्रश्नोत्तरं नकोत. भाषणानंतर चहाच्या वेळी, किंवा त्याहून बरं म्हणजे पुढच्या आठवड्यात क्लब हाउसमध्ये आठ-दहा जणांनी खाली सतरंजीवर बसून बोलावं. नियम एकच ठेवा: ज्याने त्याने आपल्या घरातलं सांगायचं, ‘तुमच्यात असं असतं ना?’ याने एकही वाक्य सुरू करायचं नाही. ‘तुमच्या घरी सत्यनारायण कधी आणि का घालता?’ असं तुम्ही एखाद्या काकूंना विचारलंत, तर त्यांना उत्तर शोधावं लागेल. आपल्या रोजच्या गोष्टीचं उत्तर शोधावं लागणं फार चांगलं असतं, दोन्हीकडच्यांसाठी. बोहरी कुटुंबालाही बोलवा. तुमच्यात आणि त्यांच्यात जे कधी बोललं गेलं नसेल, तेही निघेल.

तरी कुणी तरी तलाकचं काढणारच. घाबरू नका, पण बचावालाही बसू नका. १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, त्यात तोंडी तलाक बंद करण्याची मागणी होती. २२ मार्च १९७० ला याच पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१७ मध्ये रद्द ठरवला, त्या खटल्यातल्या अर्जदारही मुस्लिम बायकाच. बायकांना मशिदीत प्रवेश हवा म्हणून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेलं दांपत्यही पुण्याचंच. ‘तुमच्यात कुणी बोलत कसं नाही?’ याला एवढं उत्तर पुरे. दलवाईंना समाजातून किती विरोध झाला हेही लपवू नका. सुधारकाला आपल्याच लोकांनी शेण मारलेलं पुण्याला नवीन नाही. आणि जे माहीत नसेल तिथे ‘मला माहीत नाही’ म्हणा. वर्गात म्हणता तसंच.

रमजानचं कुणी काढलं तर मात्र एक गोष्ट माझ्या वतीने सांगा. कौसरबाग नाहीतर मोमीनपुऱ्यात रात्री जाऊन कबाब खाऊन, रील टाकून आलं म्हणजे रमजान कळला असं होत नाही. खायला जरूर जा, मीही जाते. पण ज्या घरात बाई पहाटे साडेतीनला उठून सहरीचं करते, सातला शाळेत हजेरी घेते आणि दिवसभर पाण्याचा थेंब न घेता फळ्यासमोर उभी राहते, त्या घराची ओळख गल्लीतल्या गर्दीत होत नाही.

मुलाचं शेवटी घेतलं, कारण त्याच्याशी बोलणं तुम्हाला सगळ्यात जड जाणार आहे. त्याला ‘असं बोलू नये’ म्हणू नका. तो जे बोलला तो उद्धटपणा नव्हता. अध्यक्षांकडे जाताना त्याला बरोबर न्या. त्याला बोलायला लावू नका, नुसतं बसू द्या. आपली आई भावाचा विषय न रडता, न ओरडता काढते आणि हातात ठरावाचा कागद ठेवते, हे त्याने बघितलं की नजरेला नजर देण्याचा प्रश्न उरणार नाही, मग अध्यक्ष हो म्हणोत की नाही. सासूबाईंनाही भाषण आधी वाचून दाखवा. सूरह हुजुरातच्या तेराव्या आयतीत, वेगवेगळे लोक आणि जमाती केल्या त्या एकमेकांची ओळख पटावी म्हणून, असं आहे. पण ते मी त्यांना सांगणं म्हणजे शहाणपणा झाला, त्यांना ते माझ्याआधी ठाऊक असणार. त्यांनी वडिलांबद्दलच्या मजकुरात एखादी दुरुस्ती सुचवली, तर समजा परवानगी मिळाली.

सभेच्या विषयपत्रिकेत ठराव यायचा असेल, तर नोटीस निघण्याआधी सचिवांकडे लेखी द्यावा लागतो, आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका. तेव्हा फार दिवस काढू नका, येत्या रविवारीच अध्यक्षांकडे जा. सकाळचे जा, संध्याकाळी त्यांच्याकडे वर्गणीवाले बसलेले असतील.